देवी काढणाऱ्यांचे शिक्षण आणि कोकणातील बालक

रत्नागिरीहून येणारा रस्ता मुंबई-गोवा महामार्गास ज्या गावी मिळतो, ते हातखंबा होय. अशा गावांतील बालकांपर्यंत संसर्गजन्य रोगांविषयीची वैद्यकविद्या कोणाच्या हातून पोहोचली, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे. केवळ महाविद्यालयांचा इतिहास पाहून त्याचे उत्तर मिळत नाही.

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस गाईच्या देवीची लस टोचण्यात आली. हिंदुस्थानातील हे पहिले यशस्वी लसीकरण होय. तिच्या दंडावरील फोडातील लस पुढे इतर मुलांना टोचली गेली. मूल हेच त्या काळी लशीचे पात्र होते. १८२७ पासून मुंबई इलाख्यात गावोगाव फिरून लस टोचणारे नेमले गेले. लोकभाषेत या कामास ‘देवी काढणे’ म्हणत. त्वचा किती खरवडावी, आठव्या दिवशी फोड कसा पारखावा, लस घेण्यास निरोगी मूल कसे निवडावे, हे या लोकांचे शिक्षण. निवड चुकल्यास लशीबरोबर उपदंशही दुसऱ्या मुलास जडण्याचे भय असे. वासरापासून लस मिळू लागल्यावर ते टळले.

रोगनिदानाचे शिक्षण मात्र निराळ्या वाटेने गेले. १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १८५१ मध्ये पदवी मिळविणाऱ्या पहिल्या आठ जणांत भाऊ दाजी व आत्माराम पांडुरंग हे होते. परळ येथे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ मध्ये उघडले. ही विद्या दीर्घकाळ मुंबईसारख्या शहरांतच एकवटली.

या फाटाफुटीचा परिणाम घटसर्पासारख्या रोगात स्पष्ट होतो. त्यात घशात पडदा वाढून मुलाचा श्वास कोंडतो आणि प्रतिविष वेळेवर मिळाले तरच त्याचा पुरता उपयोग होतो. देवी काढणारा एक रोग टाळू शके. हा रोग ओळखणे त्याला शिकविलेलेच नव्हते. ज्याला ते शिकविले होते, तो शहरात असे.

१९७७ मध्ये भारत देवीमुक्त ठरला; त्या यशाचा पाया या पदवीहीन फिरस्त्यांनी घातला होता. रत्नागिरीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते २०२३ मध्ये. तेव्हा कोकणातील बालवैद्यकाचा इतिहास लिहिताना पदवीधरांच्या यादीपूर्वी देवी काढणाऱ्यांची नोंद करणे अगत्याचे आहे.