छपरावरची वीज

कॅम्पर व्हॅनच्या, म्हणजे फिरत्या घराच्या छपरावर जे सोलर पॅनेल दिसतं, त्याचं घराणं थेट अंतराळातलं आहे, मंडळी! १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेनं सिलिकॉनचा सौरघट दाखवला. पडलेल्या उन्हातल्या जेमतेम ६ टक्क्यांची वीज होई, आणि किंमत अफाट. मग विचारणार कोण? मार्च १९५८मध्ये दीड किलोचा व्हॅनगार्ड-१ उपग्रह दोन ट्रान्समीटर घेऊन वर गेला. बॅटरीवरचा जूनमध्येच मुका झाला. सौरघटांवरचा १९६४पर्यंत बोलत राहिला! व्हॅनवाल्याला मात्र रात्री दिवा हवा, त्यामुळे बॅटरी काही सुटत नाही. ती जादा चार्ज होऊन बिघडू नये म्हणून मध्ये चार्ज कंट्रोलर बसवतात. २०२१मध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या विद्यार्थ्यांनी तर चाकंही उन्हावरच फिरवली. ‘स्टेला व्हिटा’ ही त्यांची सौर व्हॅन स्वयंपाकघरासकट स्पेनच्या दक्षिण टोकाला, तारिफाला पोचली.