गॅसगळती, जुन्या घरांतील

स्वयंपाकाचा गॅस टाकी, नळी, सांधे किंवा शेगडी यांतून नकळत बाहेर पडणे म्हणजे गॅसगळती. वाडे, चाळी, कौलारू घरे आणि जुन्या सहकारी सोसायट्या यांत ती शोधणे नव्या घरांपेक्षा अवघड जाते, कारण यांतली बरीच घरे गॅसचा विचार करून बांधलेली नाहीत. मुंबईत टाकीचा गॅस १९५० च्या दशकात आला, पाइपचा नैसर्गिक गॅस १९९० च्या दशकात. इतरत्र बहुतेक ठिकाणी दोन्ही आणखी उशिरा पोचले. चुलीच्या स्वयंपाकघरात मग ओटा बांधला गेला, टाकी ओट्याखालच्या बंद कपाटात शिरली, किंवा जागा पुरेना म्हणून गॅलरीत ठेवून नळी भिंतीला भोक पाडून आत घेतली. जुन्या घरातली गळती शोधायची, तर या तडजोडींच्या जागा आधी पाहाव्या लागतात.

शोध घेताना पहिला प्रश्न विचारायचा तो गॅस कोणता हा. टाकीतला गॅस (एलपीजी) म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. टाकीत तो दाबाखाली द्रवरूपात असतो आणि बाहेर पडताच सुमारे अडीचशे पट जागा व्यापतो. हवेपेक्षा तो दीडपट ते दुप्पट जड असल्यामुळे जमिनीलगत पसरतो आणि पाण्यासारखा उतार धरतो. वाड्यात हा उतार मोरीकडे, तळघराकडे, एखाद्या विसरलेल्या पेवाकडे जातो. लाकडी तक्तपोशीच्या फटींतून तो खालच्या बिऱ्हाडातही उतरतो. वास खालच्यांना येतो आणि गळती वरच्यांकडे असते, हे यामुळेच घडते. हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेले की एक ठिणगी पुरते. पाइपच्या गॅसची चाल नेमकी उलटी. तो मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका. छताखाली, पोटमाळ्यावर, वरच्या बंद कपाटांत साठतो आणि ५ ते १५ टक्के प्रमाणात स्फोटक ठरतो.

दोन्ही गॅसना स्वतःचा असा ओळखू येणारा वास नसतो. सडक्या कोबीसारखा जो वास येतो, तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनसारख्या गंधकयुक्त द्रव्याचा. अमेरिकेत टेक्सासमधील न्यू लंडन येथे १८ मार्च १९३७ रोजी शाळेच्या इमारतीखाली साठलेल्या वासहीन नैसर्गिक गॅसचा स्फोट होऊन सुमारे ३०० मुले व शिक्षक मृत्युमुखी पडले. गॅसला वास देण्याची सक्ती त्यानंतर तिथे आली. तरीही केवळ नाकावर भिस्त ठेवू नये. मंद गळतीच्या घरात राहणाऱ्यांचे नाक त्या वासाला सरावते, वृद्धांची गंधशक्ती मुळातच उणावलेली असते. बाहेरून आलेली शेजारीण दारातच ‘गॅसचा वास येतोय का?’ म्हणाली, तर घरच्यांपेक्षा तिच्यावर विश्वास ठेवावा. टाकी संपत आली की वास वाढतो हेही खरे. वास देणारे द्रव्य गॅसपेक्षा सावकाश उडत असल्याने ते तळाशी उरते. पण ‘टाकी संपत आली असेल’ म्हणून सोडून दिलेला वास प्रत्यक्षात गळतीचाही असू शकतो.

वास उग्र असेल, तर गळती शोधत बसू नये. रेग्युलेटर बंद करावा. देवापुढची समई, निरांजन, उदबत्ती विझवावी. दारे-खिडक्या उघडाव्यात आणि सर्वांनी बाहेर पडावे. विजेचे बटण लावू नये, तसेच चालू असलेले बंदही करू नये, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. फोन बाहेर जाऊन करावा. एलपीजीसाठी १९०६ हा देशभराचा आपत्कालीन क्रमांक आहे. पाइपचा गॅस असल्यास मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करून पुरवठादार कंपनीला कळवावे.

मंद, अधूनमधून येणाऱ्या वासाचा माग मात्र साबणाच्या फेसाने काढता येतो. आगकाडी ओढून गळती पाहण्याची जुनी खोड जीवघेणी आहे. ब्रशने फेस लावत टाकीपासून शेगडीपर्यंत जावे. जिथे बुडबुडा फुगतो तिथे गळती. रेग्युलेटर काढलेला असताना टाकीच्या तोंडाशी बुडबुडे आले, तर आतली पिन नीट बसत नाही. रेग्युलेटर लावल्यावरच आले, तर तोंडातले रबरी कडे झिजले आहे किंवा निखळले आहे. अशा टाकीला प्लॅस्टिकची सुरक्षाटोपी लावून ती उघड्यावर ठेवावी आणि एजन्सीकडून बदलून घ्यावी. जुन्या घरात सर्वांत जास्त वेळ नळीसाठी द्यावा: भिंतीच्या भोकात घासलेला भाग, शेगडीखाली तापून कडक झालेले टोक, ओट्यामागे उंदरांनी कुरतडलेली जागा. नजरेआड गेलेली नळी फेस लावण्यापूर्वी बाहेर ओढून घ्यावी.

पाइपच्या गॅससाठी मीटर हा चांगला साक्षीदार आहे. सर्व शेगड्या व गिझर बंद ठेवून आकडा टिपावा; तासाभराने शेवटचे अंक सरकलेले दिसले, तर मीटरनंतर कुठेतरी गळती आहे. किनाऱ्यालगतच्या इमारतींत खारी हवा आणि पावसाळा यांमुळे लोखंडी पाइप क्लॅम्पपाशी आणि भिंतीत शिरतो तिथे आधी गंजतो.

दुरुस्तीत घरच्या माणसाचा हात नळी बदलण्यापुरताच असावा. आयएस ९५७३ या मानकाची, आयएसआय चिन्हाची नळी घ्यावी, लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको, आणि पाच वर्षांनी ती चांगली दिसत असली तरी बदलावी. चिकटपट्टी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा किंवा चोळलेली साबणवडी यांनी गळती थांबत नाही, फक्त काही दिवस झाकली जाते. शेगडीचे कॉक मेकॅनिककडून, पाइपचे सांधे कंपनीच्याच माणसाकडून दुरुस्त करून घ्यावेत आणि तो जाण्यापूर्वी त्याच सांध्यावर पुन्हा फेस लावायला सांगावे.

गळती दाखवणारे यंत्र बसवायचे, तर टाकीच्या गॅससाठी जमिनीपासून फूटभर उंचीवर, पाइपच्या गॅससाठी छताखाली फूटभर अंतरावर. टाकी परत करून पाइपचा गॅस घेतलेल्या घरांत हे यंत्र जुन्या जागीच राहिले असेल, तर ते वर हलवावे. आणि ते मिथेनसाठी बनवलेले आहे का, हेही तेव्हाच पाहून घ्यावे.