डोगा, धारणी आणि चार चौकटींतला न्याय

बॅटमॅन, स्पायडरमॅन वगैरे मंडळी मला बरीच उशिरा भेटली, इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर. त्याआधी माझा हिरो एकच. कुत्र्याचा मुखवटा घालून मुंबईच्या गल्ल्यांमधून फिरणारा, आणि गुंड दिसला की त्याला पोलिसांच्या ताब्यात वगैरे न देता सरळ गोळी घालणारा. डोगा! ज्यांनी वाचलाय ते आत्ता हसत असतील. ज्यांनी नाही, त्यांच्यासाठी थोडा इतिहास.

दिल्लीच्या राजकुमार गुप्तांच्या राज कॉमिक्सने १९८६ मध्ये नागराज आणला, १९८७ मध्ये सुपर कमांडो ध्रुव. दोघेही सज्जन. ध्रुव तर कुणाचा जीवच घेत नाही. १९९२ मध्ये तरुणकुमार वाही, संजय गुप्ता आणि चित्रकार मनु यांनी डोगा उभा केला तो नेमका याच्या उलट. कचऱ्याच्या ढिगात सापडलेलं बाळ, त्याला उचलून नेणारा चंबळचा डाकू हलकानसिंह, आणि त्याच्या अड्ड्यावर कुत्र्यासारखं वाढलेलं बालपण. पुढे हाच सूरज मुंबईत येतो, अदरक चाचाच्या जिममध्ये तयार होतो आणि रात्री मुखवटा चढवतो. अदरक, हल्दी, धनिया आणि कालीमिर्च हे चार चाचा म्हणजे अख्खा मसाल्याचा डबा. बॉक्सिंगपासून नेमबाजीपर्यंत सगळं त्यांनीच शिकवलेलं.

अमेरिकेत मार्व्हलने १९७४ मध्येच 'पनिशर' आणला होता, त्यामुळे कल्पना अगदी नवी नव्हती. पण काळ बघा. डोगाच्या पहिल्या अंकाचं नाव 'कर्फ्यू', साल १९९२. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबईत दंगली झाल्या, खराखुरा कर्फ्यू लागला, १२ मार्च १९९३ ला बॉम्बस्फोट झाले. अशा दिवसांत मुसलमान चाचांनी घडवलेला सूरज नावाचा पोरगा मुंबई साफ करायला निघतो, आणि देशभरातली पोरं ते वाचतात. यावर कुणी भाषण दिलं नाही, गोष्टीत ते सहज होतं. मला ते आजही मोठं वाटतं.

आता ही दिल्लीत छापलेली, हिंदीतली मुंबई धारणीला कशी पोचली? धारणी म्हणजे मेळघाट. अमरावतीला जायचं तर परतवाड्याचा घाट उतरा, अर्धा दिवस गेलाच समजा. त्यापेक्षा मध्यप्रदेशातलं बऱ्हाणपूर जवळ. आमची शाळा मराठी, बाजाराची बोली हिंदी, आजूबाजूच्या गावांत कोरकू. धाकटे काका नव्वदच्या दशकात बऱ्हाणपूरला कामाला जायचे आणि बसस्टँडवरून कॉमिक्स आणायचे. ती पत्र्याची पेटी मला वारसाहक्काने मिळाली.

मराठीत असं काही नव्हतं का? होतं की! बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे काळा पहाड आणि झुंजार कायद्याच्या कडेकडेनेच चालायचे. पण ती कादंबऱ्यांची दुनिया. चित्रांत मराठी बोलणारा वेताळ 'इंद्रजाल'मधून यायचा, ते १९९० मध्ये बंद पडलं. म्हणून मुंबईचा हा डोगा आम्ही मेळघाटात बसून हिंदीत वाचला. मी मुंबई पहिल्यांदा पाहिली तेव्हा खरं सांगतो, आधी गटारांची झाकणं बघितली (डोगा शहरभर गटारांतूनच फिरतो!).

नोकरी लागल्यावर पेटीतल्या गाळलेल्या जागा भरायचं वेड लागलं. गुप्ता बंधूंच्या वाटण्यांनंतर आता वेगवेगळ्या नावांनी पुनर्मुद्रणं निघतात, कागद गुळगुळीत, रंग झगझगीत. पण संग्राहकाला हवा असतो जुना अंक. तो ओळखायचा कसा? अंकावर साल नसेल तर क्रमांक बघायचा, मुखपृष्ठावरची किंमत बघायची, मागच्या जाहिरातीत 'आगामी' म्हणून कुठले अंक दिलेत ते बघायचं. सोबत आलेलं स्टिकर जागेवर आहे का, पिना मूळच्याच आहेत का, तेही बघायचं. मेळघाटच्या पावसाने आमच्या पेटीतल्या बहुतेक पिना गंजवल्यात, तेव्हा स्वच्छ पीन दिसली की मला आधी संशयच येतो. एकेका अंकावर अर्धा अर्धा तास जातो. ऑफिसात कुणाचा कोड तपासताना मी इतका चिकट नसतो. :)

आणि इथेच एक गोष्ट टोचायला लागली. अंक अस्सल आहे की नाही हे ठरवायला मला अर्धा तास आणि पाच पुरावे लागतात. समोरचा माणूस मरण्याच्या लायकीचा आहे की नाही, हे डोगा चार चौकटींत ठरवतो.

त्याला ते जमतं, कारण आधीच्या पानावर आपण गुन्हा होताना पाहिलेला असतो. बाहेर हे आधीचं पान कुणालाच दिसत नाही. २००६ मध्ये मुंबईत लखनभैया नावाच्या माणसाचं 'एन्काउंटर' झालं. ते बनावट होतं असं म्हणत २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांना दोषी ठरवलं. म्हणजे जे त्या रात्री झटपट न्याय म्हणून सांगितलं गेलं, तो खून होता हे ठरायला सात वर्षं लागली.

पण दुसरी बाजूही आपल्या विदर्भातच आहे. ऑगस्ट २००४, नागपूर. कस्तुरबानगरच्या बायकांनी अक्कू यादवला भर न्यायालयात मारलं. वर्षानुवर्षं बलात्कार, खंडणी सोसून, तक्रारी करून थकलेल्या बायका. २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्यांना 'कायदा हातात घेऊ नका' हे सांगायची माझी तरी हिंमत नाही. डोगा का खपतो, याचं उत्तर त्या कोर्टात आहे. जिथे पोलीस येत नाहीत तिथे मुखवटा येतो.

पण धारणीचा माणूस म्हणून मला तिसरंच काही आठवतं. डोगा नवा नवा होता तेव्हा, १९९३ मध्ये, मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या देशभर गेल्या. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि सुनावण्या वर्षानुवर्षं चालल्या. आता सांगा, डोगा धारणीला आला असता तर गोळी कुणाला घालणार होता? न आलेल्या डॉक्टरला? न पोचलेल्या धान्याला? पावसात बंद पडणाऱ्या रस्त्याला? आमच्याकडे खलनायक कुठल्याच चौकटीत मावत नव्हता. तिथे उपयोगी पडली ती माणसं रजिस्टर घेऊन घरोघर फिरणारी, बाळांची वजनं घेणारी, कोर्टात तारखांना जाणारी. त्यांच्यावर कॉमिक्स निघणार नाही, निघालं तर पोरं घेणार नाहीत. बाराव्या वर्षी मीही घेतलं नसतं.

असो. डोगा मी वाचत राहणारच, रविवारची दुपार त्याचीच. सध्या 'अदरक चाचा'चा जुना अंक शोधतोय. कुणाच्या माळ्यावर असेल तर कळवा. पीन गंजलेली असली तरी चालेल, उलट बरंच!