अमेरिकेत शिकायला जाताय? लसीकरणाची नोंद प्रवेशपत्राइतकीच महत्त्वाची

प्रवेशाचे पत्र आले, शिष्यवृत्तीचा अर्ज भरला, पासपोर्ट हातात पडला की घरच्यांना वाटते, आता फक्त व्हिसा आणि विमानाचे तिकीट राहिले. पण अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत वर्गात बसण्याआधी आणखी एक कागद द्यावा लागतो, तो म्हणजे लसीकरणाची नोंद. ती वेळेत पोचली नाही तर विद्यापीठ विद्यार्थ्याच्या खात्यावर ‘होल्ड’ लावू शकते. मग विषयांची नोंदणी अडकते, काही ठिकाणी वसतिगृहाची खोलीही मिळत नाही. एफ-१ व्हिसावर गेलेल्या विद्यार्थ्याला पूर्णवेळ नोंदणी बंधनकारक असते, त्यामुळे साध्या वाटणाऱ्या या कागदाचा संबंध थेट तिथे राहण्याच्या हक्काशी येतो.

हा विषय बहुतेकांना शेवटच्या आठवड्यात कळतो. त्याचे कारण साधे आहे. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसासाठी सहसा वैद्यकीय तपासणी मागत नाहीत, त्यामुळे व्हिसाची कामे करून देणारे एजंट याबद्दल बोलत नाहीत. आपल्याकडच्या कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालयांत प्रवेशाच्या वेळी लसीचे कार्ड कोणी पाहत नाही. घरात आधी कोणी परदेशी शिकलेले असेल तर ते सांगतात. ज्या घरातून पहिलीच मुलगी किंवा पहिलाच मुलगा निघाला आहे, तिथे सांगणारे कोणी नसते. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून दरवर्षी अनुसूचित जाती व नवबौद्ध प्रवर्गातील ७५ विद्यार्थ्यांची निवड होते, तर केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत १२५ जागा असतात. यातले बरेच विद्यार्थी अशाच घरांतून येतात. त्यांच्यासाठी आम्ही ही माहिती एकत्र केली आहे.

नियम राज्यागणिक वेगळे

अमेरिकेत याबाबत संपूर्ण देशाला लागू होणारा एकच नियम नाही. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आणि त्यावर विद्यापीठाच्या स्वतःच्या अटी. काही उदाहरणे पाहू.

न्यूयॉर्क: बाबासाहेब १९१३ साली ज्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले ते याच राज्यात आहे. आज तिथे जाणाऱ्या विद्यार्थ्याला राज्याच्या कायद्यानुसार गोवराचे दोन, गालगुंडाचा एक आणि रुबेलाचा एक डोस झाल्याचा पुरावा द्यावा लागतो. १ जानेवारी १९५७ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या आणि सहा किंवा अधिक क्रेडिट घेणाऱ्या सर्वांना ही अट आहे. मेंदूज्वराच्या लसीबाबत माहिती वाचून, लस घेतली की नाकारली, हे लिहून द्यावे लागते.

मॅसॅच्युसेट्स: बोस्टन आणि केंब्रिजमधली विद्यापीठे या राज्यात येतात. इथली यादी मोठी आहे. एमएमआरचे दोन डोस, कांजिण्यांचे दोन, हिपॅटायटिस बीचे तीन आणि टीडॅप लसीचा एक डोस. वय २१ किंवा कमी असलेल्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला मेंदूज्वराची लसही हवी, आणि ती सोळाव्या वाढदिवसानंतर घेतलेली असावी.

टेक्सास: २२ वर्षांखालच्या नवीन विद्यार्थ्याला मेंदूज्वराची लस सक्तीची आहे. ती मागच्या पाच वर्षांत आणि वर्ग सुरू होण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असली पाहिजे.

कॅलिफोर्निया: युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सर्व कॅम्पसवर एमएमआर, कांजिण्या, टीडॅप आणि क्षयरोगाची पडताळणी मागितली जाते. २१ किंवा कमी वयाच्या विद्यार्थ्यांना मेंदूज्वराची लसही लागते.

कोविडच्या लसीची अट बहुतेक विद्यापीठांनी आता काढून टाकली आहे. तरी कोविनचे प्रमाणपत्र फाइलमध्ये असू द्या. आपल्या विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राचा फॉर्म उतरवून घ्या आणि त्यातला प्रत्येक शब्द वाचा. मित्राच्या विद्यापीठाची यादी आपल्याला लागू होईलच असे नाही.

आपल्या कार्डावर काय नसते

लहानपणी सगळे डोस वेळेवर घेतलेल्या मुलांचीही इथे अडचण होते. त्यात आईवडिलांचा दोष नाही. आपल्या सरकारी लसीकरणाची यादी आणि अमेरिकेची यादी वेगळी आहे, एवढेच.

पूर्वी आपल्याकडे गोवराचा एकच डोस नवव्या महिन्यात देत असत. दुसरा डोस सरकारी कार्यक्रमात २०१० पासून आला. अमेरिकेत पहिल्या वाढदिवसाआधी दिलेला गोवराचा डोस मोजत नाहीत. म्हणजे २००३ साली जन्मलेल्या, अंगणवाडीत वेळेवर टोचणी झालेल्या मुलीचे कार्ड तिथल्या हिशेबात गोवरासाठी शून्य ठरू शकते.

महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून गोवर-रुबेला मोहीम झाली. नऊ महिने ते १५ वर्षांच्या मुलांना शाळाशाळांत लस दिली गेली. तेव्हा मिळालेले कार्ड जपून ठेवले असेल तर तो एक डोस धरला जाऊ शकतो. पण त्या लसीत गालगुंडाचा घटक नव्हता. अमेरिका मागते ती एमएमआर, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेला अशी तिन्ही.

हिपॅटायटिस बी लस सरकारी कार्यक्रमात देशभर २०११-१२ मध्ये पोचली. त्याआधी जन्मलेल्या अनेकांना ती मिळालेलीच नाही. कांजिण्यांची आणि मेंदूज्वराची ही लस सरकारी यादीत नाही, ती खासगीत घ्यावी लागते. धनुर्वाताचे इंजेक्शन दहाव्या-सोळाव्या वर्षी झालेले असते, पण टीडॅपमध्ये धनुर्वात आणि घटसर्पासोबत डांग्या खोकल्याचाही घटक असतो. त्यामुळे नुसते धनुर्वाताचे इंजेक्शन चालत नाही.

कार्ड हरवले असेल तर

घर बदलले, पावसात पेटी भिजली, गाव सुटले. कार्ड नसणे ही आपल्याकडे नेहमीची गोष्ट आहे. यातून तीन मार्ग निघतात.

पहिला, जुनी नोंद शोधणे. जन्माच्या वेळचे रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्रातल्या सिस्टर, आशाताई, अंगणवाडी आणि शाळा इथे विचारा. नोंद ‘अमुकचे बाळ’ अशी आईच्या नावावर असू शकते, म्हणून आईचे नाव आणि जन्मतारीख दोन्ही द्या.

दुसरा, रक्ताची तपासणी. गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या आणि हिपॅटायटिस बी यांची प्रतिकारशक्ती अंगात आहे का, हे आयजीजी अँटिबॉडीच्या तपासणीतून, म्हणजे ‘टायटर’मधून कळते. ज्यांना लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या आहेत त्यांना याचा चांगला उपयोग होतो. बहुतेक विद्यापीठे हा अहवाल मान्य करतात. मेंदूज्वर आणि टीडॅपसाठी मात्र टायटर चालत नाही.

तिसरा, लस पुन्हा घेणे. आधी एखादा डोस झालेला असला तरी एमएमआर पुन्हा घेतल्याने धोका नसतो. अनेकदा तपासणीवर पैसे घालण्यापेक्षा थेट लस घेणे स्वस्त आणि लवकर होणारे असते. एमएमआर आणि कांजिण्यांची लस जिवंत विषाणूची असते. गरोदरपणात किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार वा औषध सुरू असताना ती घेत नाहीत. डॉक्टरांना हे आधी सांगा.

चौथा मार्ग कोणी सुचवेल, मागची तारीख टाकून शिक्का मारून घेण्याचा. तो घेऊ नका. शंका आल्यास विद्यापीठ रक्ततपासणी मागू शकते, आणि खोट्या कागदाने प्रवेश व शिष्यवृत्ती दोन्ही जाऊ शकतात. काही राज्यांत धार्मिक कारणाने सूट मागण्याचा फॉर्म असतो. धम्मात लसीला कुठेही मनाई नाही, तेव्हा पैसे वाचवण्यासाठी धम्माचे नाव पुढे करणे योग्य नाही. शिवाय साथ आली तर सूट घेतलेल्या विद्यार्थ्याला वर्गाबाहेर ठेवता येते.

क्षयरोगाची तपासणी

भारतात क्षयरोगाचे प्रमाण जास्त असल्याने आपल्या विद्यार्थ्यांना ही तपासणी बहुतेक ठिकाणी सांगतात. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. जन्मतः दिलेल्या बीसीजी लसीमुळे हाताच्या कातडीत टोचून केलेली मांटू चाचणी आजार नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्तातून होणाऱ्या इग्रा चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. विद्यापीठ मान्य करत असेल तर इग्राच करून घ्या.

ही चाचणी एमएमआरच्या आधी किंवा त्याच दिवशी करा. नाहीतर लसीनंतर चार आठवडे थांबावे लागते.

इग्रा पॉझिटिव्ह आली म्हणजे क्षयरोग झाला असे नाही. जंतू शरीरात सुप्त असू शकतात. पुढे छातीचा एक्स-रे काढतात, आणि तो स्वच्छ असेल व लक्षणे नसतील तर सहसा प्रवेश थांबत नाही. सुप्त संसर्ग दुसऱ्याला लागत नाही. घाबरून अहवाल लपवू नका. प्रत्यक्ष आजार निघाला तरी सरकारी केंद्रात उपचार मोफत आहेत आणि तो बरा होतो.

सिकलसेल असेल तर

विदर्भात अनुसूचित जाती व आदिवासी समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे, त्यामुळे हा मुद्दा आपल्या घरांशी जोडलेला आहे. वाहक असणे आणि आजार असणे यात फरक आहे. वाहकाला सहसा काही त्रास नसतो. आजार असलेल्यांची प्लीहा नीट काम करत नसल्याने त्यांना न्यूमोकॉकस आणि मेंदूज्वराच्या लसी अधिक गरजेच्या ठरतात, मग विद्यापीठाने मागितल्या नसल्या तरीही. जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून आजाराचा सारांश, सुरू असलेली औषधे आणि रक्तगट इंग्रजीत लिहून घ्या. थंडीने वेदनेचा झटका येऊ शकतो, आणि बोस्टन-शिकागोची थंडी नागपूरच्या थंडीसारखी नसते. आरोग्याच्या फॉर्ममध्ये हे लिहायला लाजू नका. ही माहिती गोपनीय असते.

वेळापत्रक

पैसे उसने मिळतील, पण दोन डोसांमधले दिवस उसने मिळत नाहीत. एमएमआरच्या दोन डोसांत किमान २८ दिवस लागतात, कांजिण्यांच्या दोन डोसांतही तेवढेच. हिपॅटायटिस बीचे तीन डोस नेहमीच्या पद्धतीने सहा महिन्यांत होतात आणि घाईत घेतले तरी पहिल्या व तिसऱ्या डोसात १६ आठवडे हवेत. म्हणून शिष्यवृत्तीची अंतिम यादी लागायची वाट पाहू नका. प्रवेशाचे पत्र आले त्याच आठवड्यात सुरुवात करा.

चार महिने आधी: विद्यापीठाचा फॉर्म वाचा, जुने कार्ड शोधा, हिपॅटायटिस बीची गरज असल्यास पहिला डोस घ्या.

तीन महिने आधी: इग्रासाठी रक्त द्या आणि त्याच दिवशी एमएमआर व कांजिण्यांचा पहिला डोस घ्या. दोन्ही जिवंत विषाणूच्या लसी एकाच दिवशी चालतात. तसे न केल्यास त्यांच्यात २८ दिवसांचे अंतर ठेवावे लागते. इग्रा किती महिने ग्राह्य धरतात ते फॉर्ममध्ये पाहून घ्या.

दोन महिने आधी: दोन्हींचा दुसरा डोस, शिवाय टीडॅप आणि मेंदूज्वराची लस. मेंदूज्वराची लस ए, सी, डब्ल्यू आणि वाय या चार प्रकारांवरची ‘कॉन्जुगेट’ हवी.

एक महिना आधी: सर्व कागद विद्यापीठाच्या पोर्टलवर चढवा आणि मान्य झाल्याची खात्री करा.

एखादा डोस राहिलाच तर आरोग्य केंद्राला ईमेल करून मुदत मागा. न्यूयॉर्कमध्ये साधारण ३० दिवसांची मुदत असते आणि परदेशातून आलेल्यांना ती ४५ दिवसांपर्यंत वाढवून मिळू शकते. उत्तर लेखी घ्या. लसींचा खर्च खिशातून होईल असे धरूनच चला. तिथे जाऊन लस घ्यायची असेल तर विद्यापीठाचा आरोग्य विमा कोणत्या तारखेपासून सुरू होतो ते आधी पाहा.

कागद कसा असावा

नाव पासपोर्टप्रमाणेच लिहून घ्या. अमेरिकेत तारखेत महिना आधी लिहितात, त्यामुळे ०३/०७ म्हणजे ३ जुलै की ७ मार्च असा घोळ होतो. महिना अक्षरात लिहा. मराठी कार्डाचे इंग्रजी भाषांतर जोडा. डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक असू द्या. मूळ प्रती हातातल्या बॅगेत ठेवा आणि मोबाइलमध्येही फोटो काढून ठेवा.

ब्रिटनला जाणाऱ्यांसाठी नियम वेगळा आहे. सहा महिन्यांहून अधिक मुदतीच्या व्हिसासाठी भारतातल्या मान्यताप्राप्त केंद्रातूनच क्षयरोगाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, ते सहा महिने चालते. कुठल्याही दवाखान्यातला एक्स-रे त्यासाठी चालत नाही.

कार्यकर्त्यांना विनंती

आपल्या विहारांत आणि अभ्यासिकांत शिष्यवृत्तीचे मार्गदर्शन होते, निबंध तपासले जातात, मुलाखतीची तयारी होते. त्यात एक तास या विषयाला द्या. वस्तीतली परिचारिका किंवा डॉक्टर बोलवा, दोन विद्यापीठांचे फॉर्म छापून समोर ठेवा आणि प्रत्येकाला आपले कार्ड घेऊन यायला सांगा. तिथे जाऊन आलेल्या मुलामुलींनी आपले भरलेले फॉर्म, खासगी माहिती झाकून, पुढच्या तुकडीला द्यावेत. आणि ज्यांच्या घरी आज पाळणा हलतो आहे त्यांनी बाळाचे टोचणीचे कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जन्मदाखल्यासोबत ठेवावे. वीस वर्षांनी त्या बाळाला ते कुठे लागेल, हे आज कोणालाच सांगता येणार नाही.