अर्पणपत्रिकेतून गेलेलं नाव

संगीताच्या इतिहासावर काम सुरू करताना आपण छापील स्वरलिपीवर फार विश्वास ठेवतो. संगीतकाराने लिहिलं, प्रकाशकाने छापलं, म्हणजे पुरावा पक्का! मीही बराच काळ असंच धरून चालले होते. जॉन आयर्लंडच्या पियानो कॉन्चेर्टोने ही सवय मोडली.

कॉन्चेर्टो म्हणजे एक वादक आणि समोर पूर्ण वाद्यवृंद. आयर्लंडने आयुष्यात पियानो कॉन्चेर्टो एकच लिहिला, आणि तो 2 ऑक्टोबर 1930 रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये, प्रॉम्सच्या मैफलीत पहिल्यांदा वाजला. वाद्यवृंदाचं संचालन हेन्री वुडकडे होतं. पियानोवर होती हेलन पर्किन, वय 21. ती रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये आयर्लंडची विद्यार्थिनी. तो तेव्हा पन्नाशी ओलांडलेला, आणि तिच्यात पुरता गुंतलेला. कॉन्चेर्टो अर्पण केला होता तिलाच. पुढे पर्किनने जॉर्ज अ‍ॅडी या वास्तुविशारदाशी लग्न केलं आणि आयर्लंडने अर्पण मागे घेतलं.

आता समजा, अर्पणाविना छापलेली प्रत तुमच्या हाती आली. तुम्ही टिपण कराल, ‘कोणालाही अर्पण नाही’. वाक्य खरं, आणि तरी दिशाभूल करणारं. 1930 साली ऐकलेला कॉन्चेर्टो आणि तुमच्या टेबलावरची प्रत, यांच्यामध्ये एक माणूस गाळला गेलाय. म्हणून आवृत्ती कोणती आणि कोणत्या सालची, हे टिपणाच्या पहिल्या ओळीत लिहा. मैफलीची छापील कार्यक्रमपत्रिका मिळाली तर स्वरलिपीच्या आधी ती वाचा.

इथे दुसराही एक मोह असतो. वयस्कर गुरू, तरुण शिष्या, मोडलेलं मन... सगळा कॉन्चेर्टो या गोष्टीत बसवायचा. हे टाळाच. पर्किन म्हणजे कोणाची नुसती प्रेरणा नव्हती. ती स्वतः संगीतकार होती; तिच्या स्ट्रिंग क्वार्टेटला कॉबेट पारितोषिक मिळालं होतं. पुढे व्हिएन्नाला जाऊन ती आंतोन वेबर्नकडे शिकली. आयर्लंडचीच पियानो आणि वाद्यवृंदासाठीची ‘लेजंड’ ही रचनाही 1934 मध्ये पहिल्यांदा तिनेच वाजवली.

आणि खरी गंमत स्वरांत आहे. आयर्लंडने या कॉन्चेर्टोत तिच्या त्याच क्वार्टेटमधली एक धून घेतली होती. पहिल्या पानावरचं नाव खोडता येतं, पण धून रचनेत विणलेली असते. ती राहिली.

याच्या उलटं उदाहरण व्हॉन विल्यम्सचं. त्याचा पियानो कॉन्चेर्टो 1 फेब्रुवारी 1933 रोजी हॅरिएट कोहेनने पहिल्यांदा वाजवला. संचालक एड्रियन बोल्ट. अर्पणही तिलाच, आणि ते टिकलं. पण त्यात आर्नल्ड बॅक्सच्या तिसऱ्या सिम्फनीतला एक तुकडा उद्धृत केला होता, तो व्हॉन विल्यम्सने नंतर काढून टाकला. बॅक्स आणि कोहेन यांचे संबंध लंडनच्या संगीतवर्तुळात सर्वांना ठाऊक होते. हा तुकडा का घेतला, का काढला, यावर प्रबंधाचं एक प्रकरण सहज उभं राहील. पुढे एका पियानोला हा भार पेलत नाही असं म्हणत 1946 मध्ये याच कॉन्चेर्टोचं दोन पियानोंसाठी रूपांतर झालं, आणि त्यात शेवटही बदलला. त्यामुळे ‘व्हॉन विल्यम्सचा पियानो कॉन्चेर्टो’ एवढं लिहून तुमच्या मार्गदर्शकांचं समाधान होणार नाही.

आयर्लंडच्या कॉन्चेर्टोचं 1942 मध्ये ध्वनिमुद्रण झालं. वाद्यवृंद मँचेस्टरचा हॅले, संचालक लेस्ली हेवर्ड, आणि पियानोवर आयलीन जॉईस. ते ऐकताना क्वार्टेटची स्वरलिपी शेजारी ठेवा. वाजवतेय जॉईस, पण मधली ती धून पर्किनची आहे.