डेस्कटॉप संगणकाच्या अंतर्भागातील तारांची व्यवस्था : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

१. प्रस्तावना

संगणकाचा इतिहास लिहिताना सामान्यतः प्रोसेसरचा वेग, मेमरीची क्षमता आणि सॉफ्टवेअरचा विकास या तीन बाबींना प्राधान्य दिले जाते. या सर्व भागांना परस्परांशी जोडणाऱ्या तारांचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. डेस्कटॉप संगणकाच्या कॅबिनेटचे झाकण उघडले की प्रथम नजरेस पडतात त्या ताराच. त्या नीट लावलेल्या असतील तर जोडणाऱ्याच्या कौशल्याची प्रशंसा होते आणि विस्कटलेल्या असतील तर त्याच्या निष्काळजीपणाला दोष दिला जातो. हा प्रश्न अशा रीतीने केवळ व्यक्तीच्या सवयीचा मानला जातो.

प्रस्तुत निबंधात या समजुतीचा ऐतिहासिक अंगाने पुनर्विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. कॅबिनेटमधील तारांचा गुंता हा मूलतः खुल्या, अदलाबदल करता येणाऱ्या भागांच्या व्यवस्थेची किंमत आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. एकमेकांना अपरिचित असलेल्या उत्पादकांचे भाग एकाच पेटीत नांदू लागले, तेव्हा प्रत्येक तार कोणत्याही पेटीत पुरेल इतकी लांब ठेवणे क्रमप्राप्त झाले. ही उरलेली लांबी आवरण्याचे काम जोडणाऱ्याच्या वाट्याला आले.

२. पूर्वपीठिका : तार हीच आज्ञावली

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमध्ये उभारलेला एनिअ‍ॅक हा संगणक फेब्रुवारी १९४६ मध्ये जाहीर करण्यात आला. सुमारे १८,००० निर्वात नळ्या आणि सुमारे ३० टन वजन असलेल्या या यंत्रात प्रारंभी आज्ञावली साठविण्याची सोय नव्हती. नवे गणित सोडवावयाचे तर केबली उपसून दुसऱ्या ठिकाणी खोचाव्या लागत आणि शेकडो स्विच फिरवावे लागत. हे काम के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन या सहा स्त्रियांनी केले. त्यांच्या दृष्टीने तारांची व्यवस्था हाच गणिताचा मजकूर होता. एक केबल चुकीच्या जागी गेली तर उत्तर चुकत असे. १९४८ मध्ये एनिअ‍ॅकच्या रचनेत बदल करून आज्ञा यंत्रातच साठविण्याची सोय झाली आणि तारांकडील हे काम पुष्कळसे संपले.

सिमोर क्रे यांच्या क्रे-१ या महासंगणकात तारेला वेगळ्या कारणाने महत्त्व आले. १९७६ मध्ये लॉस अ‍ॅलामॉस येथील प्रयोगशाळेत दाखल झालेल्या या यंत्राचे एक घड्याळ-आवर्तन १२.५ नॅनोसेकंदांचे होते. इतक्या अल्प काळात विद्युत संकेत तारेतून मोजकेच अंतर कापू शकतो. त्यामुळे कोणतीही तार ४ फुटांहून लांब असू नये असे बंधन होते आणि यंत्राचा अर्धवर्तुळासारखा वळलेला आकारही त्यासाठीच योजला होता. संकेत योग्य क्षणी पोहोचावेत म्हणून तारांची लांबी नेमकी राखली जाई. येथे लांबी ही हिशेबाची गोष्ट होती, सौंदर्याची नव्हती.

तारा बांधण्याचे तंत्र मात्र संगणकाहून जुने आहे. टेलिफोन एक्स्चेंज आणि विमान उद्योगात मेणाच्या दोऱ्याने तारांच्या जुड्या ठरावीक गाठींनी बांधल्या जात. विमानाच्या कारखान्यात हे कष्टाचे काम पाहून थॉमस अँड बेट्स या कंपनीतील मॉरस लोगन यांनी दातेरी पट्टीची कल्पना विकसित केली व १९५८ मध्ये ती बाजारात आली. आज ‘केबल टाय’ म्हणून ओळखली जाणारी हीच पट्टी पुढे घरोघरच्या संगणकात शिरली.

वरील दोन्ही संगणकांत एक साम्य आहे. संपूर्ण यंत्राचा आराखडा एकाच संस्थेच्या हाती होता व कोणती तार कोठून कोठे जाणार, हे तिला आधीच ठाऊक होते. डेस्कटॉप संगणकाने हीच परिस्थिती बदलली.

३. खुला संगणक आणि तारांचा गुंता

जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेला अल्टेअर ८८०० हा संगणक सुट्या भागांच्या संचाच्या रूपात विकला जात असे. त्याची दर्शनी पट्टी आतील भागाशी अनेक सुट्या तारांनी जोडावी लागे व हे काम किचकट होते. त्याच धर्तीवर आलेल्या इम्साय ८०८० या संगणकात दर्शनी पट्टी थेट खाचेत बसविण्याची सोय केली गेली. तारा आवरण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे तारेची गरजच नाहीशी करणे, हे सूत्र येथे प्रथम ठळकपणे दिसते.

ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीने इतर उत्पादकांच्या कार्डांना व ड्राइव्हना वाव दिला. फ्लॉपी ड्राइव्हसाठी ३४ तारांची चपटी रिबन केबल वापरली गेली. दोन ड्राइव्हपैकी पहिला कोणता हे ठरविण्यासाठी या केबलमधील सात तारांची पट्टी मध्येच कापून उलटी पिळलेली असे. त्यामुळे दोन्ही ड्राइव्ह एकसारखे तयार करता येत आणि पिळानंतरच्या टोकाला लागलेला ड्राइव्ह ‘ए’ ठरे. केबलच्या रचनेत अर्थ दडलेला असण्याची एनिअ‍ॅकची परंपरा अशी लहान स्वरूपात टिकून राहिली.

१९८६ च्या सुमारास हार्ड डिस्कसाठी आयडीई ही जोडणी आली. तिच्या ४० तारांच्या रिबन केबलची लांबी १८ इंचांपर्यंत मर्यादित होती. एका कडेची लाल रेघ पहिल्या पिनची खूण असे. संकेतांचा वेग वाढल्यावर शेजारच्या तारांमध्ये होणारा परस्पर-अडथळा टाळण्यासाठी १९९९-२००० च्या सुमारास ८० तारांची केबल प्रचारात आली. तिच्यात प्रत्येक संकेतवाहक तारेशेजारी एक अर्थिंगची तार होती. जोडणीच्या पिना मात्र ४०च राहिल्या.

याच काळात भारतातही ‘असेंबल्ड’ संगणकाची बाजारपेठ फोफावली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा दिल्लीचे नेहरू प्लेस येथून मदरबोर्ड एका कंपनीचा, हार्ड डिस्क दुसरीची, कॅबिनेट व एसएमपीएस तिसरीचे अशी खरेदी करून संगणक जोडला जाई. ब्रँडेड संगणकाच्या तुलनेत तो स्वस्त पडे आणि त्याचा कोणताही भाग पुढे बदलता येई. मात्र एसएमपीएस बनविणाऱ्याला त्याचे यंत्र कोणत्या उंचीच्या कॅबिनेटमध्ये बसणार हे ठाऊक नसे. ग्राहक एक ड्राइव्ह लावणार की चार, हेही त्याला सांगता येत नसे. म्हणून तो तारा लांब ठेवी आणि टोकेही अधिक देई. न वापरलेली टोके पेटीत लोंबकळत राहत. जोडणाऱ्याने कितीही निगुतीने काम केले, तरी ही शिल्लक लांबी कोठेतरी दडवावीच लागे.

४. मानकांनी केलेली आवराआवर

तारा कमी करण्याचे सर्वांत मोठे श्रेय जोडणाऱ्यांच्या हस्तकौशल्यापेक्षा उत्पादकांत झालेल्या सहमतीला द्यावे लागेल. इंटेलने १९९५ मध्ये मांडलेले एटीएक्स मानक हे याचे उत्तम उदाहरण होय. त्यापूर्वीच्या एटी पद्धतीच्या बोर्डांवर सिरियल व पॅरलल पोर्ट मागील बाजूस नेण्यासाठी वेगळ्या रिबन केबली लागत. एटीएक्सने ही पोर्टे बोर्डाच्या कडेलाच पक्की केली. बोर्ड ९० अंशांनी वळवून ड्राइव्हच्या जोडण्या ड्राइव्हच्या खणांजवळ आणल्या व केबलची आवश्यक लांबी कमी केली. एटी पद्धतीत वीजपुरवठ्याचे दोन समान आकाराचे कनेक्टर शेजारी-शेजारी लावताना काळ्या तारा मध्यभागी एकत्र याव्या लागत. ते उलटे लागले तर मदरबोर्ड जळण्याचा धोका असे. एटीएक्सच्या २० पिनांच्या एकसंध कनेक्टरने हा धोका दूर केला.

दुसरा टप्पा साटा जोडणीचा. तिचे पहिले मानक २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. अनेक तारांतून एकाच वेळी माहिती पाठविण्याऐवजी मोजक्या तारांतून ती क्रमाने परंतु अधिक वेगाने पाठवावी, असे तिचे तत्त्व होते. ८० तारांच्या जागी ७ वाहकांची अरुंद केबल आली आणि तिला १ मीटर लांबीची मुभा मिळाली. पुढे २०१४ पासून एम.२ प्रकारच्या खाचा सर्वसाधारण मदरबोर्डांवर येऊ लागल्या. त्यांत डिस्क थेट बोर्डावर बसते व तिला डेटा किंवा पॉवर यांपैकी कोणतीच केबल लागत नाही.

ज्या ठिकाणी सहमती अपुरी राहिली, तेथे गुंताही टिकून राहिला. पॉवर स्विच, रिसेट व दर्शनी दिव्यांच्या बारीक तारांचा क्रम सर्व मदरबोर्डांवर हमखास सारखा नसतो. म्हणून कॅबिनेट-उत्पादक आजही त्यांची टोके बहुधा सुटी देतात आणि जोडणाऱ्याला माहितीपुस्तिका उघडून ती एकेक करून लावावी लागतात.

५. कॅबिनेटची पुनर्रचना

मानकांनी शिल्लक ठेवलेल्या तारा लपविण्याची जबाबदारी हळूहळू कॅबिनेटने स्वीकारली. २००४ च्या सुमारास मॉड्युलर एसएमपीएस बाजारात आले. त्यांच्या केबली काढता येत असल्याने केवळ गरजेपुरत्याच लावता येऊ लागल्या. २००५ च्या अँटेक पी१८० या कॅबिनेटने एसएमपीएस तळाच्या वेगळ्या कप्प्यात नेला. २००९ च्या कॉर्सेअर ऑब्सिडियन ८००डी मध्ये मदरबोर्डाच्या पत्र्याला रबरी कडांची भोके होती व तारा त्यांतून मागील बाजूस नेता येत. २०१४ च्या एनझेडएक्सटी एच४४० ने एसएमपीएसवर आवरण घालून तोही दृष्टीआड केला. काचेच्या झाकणांचा प्रसार झाल्यावर पेटीचा अंतर्भाग ही मिरविण्याची वस्तू बनली. २०२३ पर्यंत काही उत्पादकांनी मदरबोर्डाच्या पाठीमागच्या बाजूसच जोडण्या देण्यास प्रारंभ केला होता.

या वाटचालीत एक सूक्ष्म बदल घडला. ‘तारा नीट लावणे’ आणि ‘तारा दृष्टीआड करणे’ या दोन क्रिया समानार्थी मानल्या जाऊ लागल्या. पुढून निर्मळ दिसणाऱ्या अनेक संगणकांच्या मागील पत्र्याआड तारांचा ढीग केवळ दाबून बसविलेला असतो.

६. नीटनेटकेपणाच्या मर्यादा

नीट दिसणे आणि नीट असणे यांतील अंतर काही प्रसंगी हानिकारक ठरले आहे. त्याची तीन उदाहरणे येथे पुरेशी आहेत.

पहिले उदाहरण गोल केलेल्या रिबन केबलीचे. रुंद रिबन हवेच्या मार्गात येते म्हणून २००० च्या सुमारास अनेक हौशी मंडळी ती उभी चिरून, गुंडाळून नळीसारखी करीत. बाजारातही तशा केबली मिळत. वस्तुतः संकेताची तार व अर्थिंगची तार ठरावीक अंतरावर शेजारी ठेवणे हाच चपटेपणाचा हेतू होता. गुंडाळताना तो हेतूच पराभूत होण्याची शक्यता असे. रिबन न चिरता तिच्या सपाट घड्या घालून ती पत्र्यालगत बसविणे, हा अधिक शास्त्रीय मार्ग होता.

दुसरे उदाहरण मॉड्युलर केबलींचे. त्यांचे भागाकडील टोक प्रमाणित असले, तरी एसएमपीएसकडील टोकाच्या पिनांचा क्रम उत्पादकागणिक भिन्न असू शकतो. एका एसएमपीएसची केबल दुसऱ्याला आकाराने बसते, परंतु ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट पोहोचून डिस्क निकामी होऊ शकते. सुट्या केबलींच्या जुड्या एकाच खोक्यात ठेवणाऱ्या महाविद्यालयीन प्रयोगशाळांनी या बाबीची विशेष दखल घ्यावयास हवी.

तिसरे उदाहरण अलीकडचे आहे. २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डांसाठी ६०० वॅटपर्यंत वीज वाहणारा नवा कनेक्टर आला. अनेक तारांऐवजी एकच सुटसुटीत केबल हे त्याचे आकर्षण होते. त्याच वर्षी काही कार्डांवर हे कनेक्टर वितळल्याचे प्रकार उघडकीस आले. कनेक्टर पूर्ण आत न बसणे हे त्यामागील एक प्रमुख कारण असल्याचे तपासात दिसून आले. केबल तोंडाशीच घट्ट वाकवू नये, अशा सूचनाही देण्यात आल्या. २०२३ मध्ये या कनेक्टरची सुधारित आवृत्ती निघाली. थोडक्यात, तारेला वळण्यासाठी काही जागा द्यावीच लागते. ती वाचविणे हा नीटनेटकेपणा नव्हे.

हवेच्या अभिसरणाबाबतही तारतम्य आवश्यक आहे. पंख्याच्या पात्यांना स्पर्श करणारी किंवा हवेच्या प्रवेशद्वारावरच आडवी आलेली तार निश्चितच घातक असते. पेटीच्या कोपऱ्यात पडलेली तार मात्र केवळ डोळ्यांना खुपते.

७. बंद यंत्राची टापटीप

तारांचा प्रश्न पूर्णतः सोडविणारी यंत्रेही निर्माण झाली. अ‍ॅपलच्या २००६ च्या मॅक प्रो या संगणकात चार हार्ड डिस्क कोणत्याही केबलीविना खणात सरकवून बसविता येत. पेटी, बोर्ड व वीजपुरवठा यांची मापे एकाच कंपनीच्या हाती असल्याने हे शक्य झाले. हे यंत्र दुरुस्तीला सोयीचेही होते. परंतु हाच मार्ग पुढे नेला असता मेमरी आणि साठवण बोर्डावरच पक्की करणारी यंत्रे आली. त्यांच्या अंतर्भागात गुंता नाही. मात्र निकामी झालेला एक भाग काढून दुसरा लावण्याची सोयही नाही.

जुलै २०२२ मध्ये भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या अधिकाराची चौकट ठरविण्यासाठी समिती नेमली. या पार्श्वभूमीवर तारांच्या प्रश्नाला सामाजिक परिमाण प्राप्त होते. मर्यादित निधीतून प्रयोगशाळा चालविणाऱ्या महाविद्यालयांत जुन्या संगणकाचा एसएमपीएस किंवा डिस्क बदलून त्याचे आयुष्य वाढविता येते, ते खुल्या जोडण्यांमुळेच.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) डेस्कटॉप संगणकातील तारांचा गुंता हा प्रामुख्याने भागांच्या अदलाबदलीच्या स्वातंत्र्यातून उद्भवला. तो केवळ जोडणाऱ्याचा दोष नव्हे.

२) तारांची संख्या व लांबी कमी होण्यास एटीएक्स, साटा व एम.२ यांसारखी मानके मुख्यतः कारणीभूत ठरली. केबल टाय व कॅबिनेटची रचना यांनी उरलेल्या तारांना वळण लावले.

३) तारांची व्यवस्था पारखताना त्या दिसतात की नाही, यापेक्षा इतर तारा न उसवता एखादी तार ओळखून काढता येते की नाही, हा निकष अधिक योग्य ठरतो. या निकषावर घट्ट आवळलेल्या पंचवीस टायपेक्षा सोडता येणाऱ्या चार पट्ट्या आणि टोकांवरील स्पष्ट चिठ्ठ्या श्रेष्ठ ठरतात.

४) संगणक जोडणारा आणि पुढे तो दुरुस्त करणारा या बहुधा दोन भिन्न व्यक्ती असतात. संगणक-जोडणीच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थ्यांना तारा बांधण्यास शिकविताना, एका विद्यार्थ्याने जोडलेला संगणक दुसऱ्याने उघडून त्यातील एक भाग बदलावा, असा पाठ ठेवणे उपयुक्त ठरेल. पहिल्याने केलेली व्यवस्था खरोखर किती चांगली होती, हे त्या वेळी दोघांनाही कळेल.