अंगठा-खुंटी, घडीच्या चाकूची
घडीच्या चाकूचे पाते अंगठ्याने ढकलून उघडता यावे म्हणून पात्याच्या बुडाजवळ बसविलेली धातूची लहान खुंटी. चाकू धरलेल्या हातानेच तो उघडता यावा, हा तिचा उद्देश होय.

घडीचे चाकू प्राचीन काळापासून प्रचारात आहेत. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथील असा चाकू इ. स. पू. सु. ६०० ते ५०० या काळातील मानला जातो. इंग्लंडमधील शेफील्ड येथे सतराव्या शतकापासून मुठीच्या पाठीत पोलादी स्प्रिंग असलेले चाकू होऊ लागले. ते उघडण्यासाठी पात्यावरील खाचेत नख अडकवावे लागे. म्हणजेच दोन्ही हात गुंतत. १८९१ मधील स्विस सैनिकी चाकूतही हीच पद्धत होती. दोर किंवा शिडी धरून काम करणाऱ्यास ती गैरसोयीची ठरे.

१९८१ मध्ये अमेरिकेतील स्पायडर्को कंपनीने पात्यातच अंगठ्यासाठी गोल भोक ठेवलेला चाकू बाजारात आणला. त्याच दशकात खुंटीचाही प्रसार झाला. १९९० च्या सुमारास क्रिस रीव्ह यांनी तयार केलेल्या ‘सेबेंझा’ या खुंटीच्या चाकूचे नाव ‘काम’ या अर्थाच्या झुलू शब्दावरून घेतलेले आहे.

खुंटी बिजागरीपासून दूर असल्यास जोर कमी लागतो, पण अंगठ्याला अधिक अंतर फिरावे लागते. जवळ असल्यास याउलट घडते. गुळगुळीत खुंटीवरून ओला अंगठा घसरतो, तर तीक्ष्ण दाते असलेली खुंटी तो दुखविते. दोन्ही बाजूंस खुंटी असल्यास डावखुऱ्यांची सोय होते. मात्र ती खिशात अडकते व धार लावताना सहाणेस आड येते. भोकाला हे दोष नाहीत, परंतु त्यासाठी पाते रुंद ठेवावे लागते.

या सोयीमुळेच हत्यार आणि शस्त्र यांतील सीमारेषा वादग्रस्त ठरली. अमेरिकेच्या १९५८ च्या संघीय कायद्याने खटक्याच्या चाकूंच्या आंतरराज्य व्यापारास बंदी घातली. मिटलेले राहण्याकडे कल असणारे व पात्यावर हाताने जोर देऊन उघडावे लागणारे चाकू २००९ च्या दुरुस्तीने त्यातून वगळले. न्यूयॉर्क राज्यात मात्र मनगटाच्या झटक्याने पाते उघडते, या कसोटीवर कामासाठी साधे घडीचे चाकू बाळगणाऱ्या कामगारांवरही खटले झाले. तेथील संबंधित बंदी २०१९ मध्ये उठली. जर्मनीत २००८ पासून, एका हाताने उघडून पक्के अडकणारे चाकू व्यवसायासारख्या मान्य कारणावाचून जवळ बाळगता येत नाहीत. कामगाराचा एक हात मोकळा ठेवणारी ही खुंटी अशा रीतीने कायद्याच्या दृष्टीने चाकूचे स्वरूप ठरविणारा घटक बनली.